इंग्रजी शिकवायचं शिकायला व्हिएतनामला जाऊ का?

तेरणाकाठचा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय २९, एम. ए. इंग्रजी, बी. एड. धाराशिवला एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. संध्याकाळी घरच्या ओसरीवर स्पोकन इंग्लिशची बॅच घेतो, तिच्यावरच घर चालतं म्हणा. शिक्षकभरतीसाठी टीईटी दिली, टेट दिली, आता वाट बघणं हाच उद्योग.

मित्राने सेल्टाचं डोक्यात घातलंय. केंब्रिजचा कोर्स, परदेशी लोकांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणारा, चार आठवड्यांचा. तो म्हणतो हो ची मिन्ह सिटीत कर, युरोपपेक्षा स्वस्तात होतं आणि कोर्स झाला की तिथेच नोकरी. वडील एफडी मोडायला तयार आहेत, पण त्यांचा प्रश्न असा की इंग्रजीसाठी व्हिएतनामला कोण जातं? लंडनला जा म्हणतात. लंडनची फी आणि राहण्याचा खर्च सांगितल्यावर गप्प बसले, पण पटलेलं नाही.

इथे कुणी केलाय का हा कोर्स? की हजारो रुपये वाचवून ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊ? आणि खरं सांगा, आपला पासपोर्ट बघून नोकरी देतात का?

अर्धकच्चा

ऑनलाइनबद्दल मी सांगतो, पोळलोय. ‘१२० तासांचं टेफल (परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र), नोकरीची शंभर टक्के हमी’ अशी जाहिरात बघून साडेआठ हजार भरले. १२० तास म्हणजे व्हिडिओ आणि चार पर्यायांतून एक निवडायचे प्रश्न. मी ते तीन रात्रींत संपवले. एकाही जिवंत माणसाला शिकवलं नाही आणि एका जिवंत माणसाने मला शिकवताना पाहिलं नाही. प्रमाणपत्र आलं, सोनेरी शिक्का वगैरे. जिथे अर्ज केला तिथे पहिला प्रश्न, ‘प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती?’ हमीवाल्यांचा फोन तेव्हापासून लागत नाही.

ताई-दादा लोक पुढचं सांगतीलच.

पळसफूल

मी २०१८ च्या जूनमध्ये तिथेच केलाय, सायगावात. (हो ची मिन्ह सिटीला तिथली माणसं अजून सायगावच म्हणतात.) तेव्हा मी ३६ वर्षांची, साताऱ्याकडच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवून झालेलं, मुलगा सासूबाईंकडे ठेवून गेलेली. आपल्याला सगळं येतं, फक्त शिक्का मारून आणायचाय, असा रुबाब होता. पहिल्या आठवड्यात उतरला.

तू लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. आधी हे डोक्यातून काढ की तिथे इंग्रजी शिकवतात. इंग्रजी येतं की नाही ते प्रवेशाच्या आधीच तपासून घेतात. घरी सोडवायला एक पेपर येतो, मग मुलाखत. पेपरात प्रश्न असा: ‘शी हॅज बीन टू पुणे’ आणि ‘शी हॅज गॉन टू पुणे’ यांतला फरक वर्गाला कसा समजावाल? मी झोकात नियम लिहिला. मुलाखत घेणारी म्हणाली, नियम मलाही माहीत आहे, वर्गात काय कराल ते सांगा.

कोर्स १२० तासांचा. त्यात दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना मिळून सहा तास शिकवायचं. सहा तास ऐकून हसू येतं ना? आपण एका दिवसात सहा तासिका ओढतो. पण इथे दर पाठाला ट्यूटर मागे बसून लिहीत असतो, बरोबरचे शिकाऊ लिहीत असतात, आणि ४० मिनिटांसाठी पाच-सहा पानी पाठटाचण. बी. एड.चं पाठटाचण आठवतंय? ते आपण भरतो. इथलं वाचलं जातं.

माझा पहिला पाठ ऐक. संध्याकाळचा फुकट वर्ग, समोर चौदा जण: रिसेप्शनिस्ट, दोन कॉलेजची पोरं, नखं रंगवायच्या दुकानात काम करणारी एक मुलगी, एक निवृत्त आजोबा. मी उत्साहात म्हणाले, ‘ओके, डू वन थिंग, ओपन पेज थर्टी फोर.’ कुणी पान उघडेना. सगळे पेन धरून माझ्याकडे बघतायत. मी परत तेच, जरा मोठ्याने. तरी तसंच. आजोबांनी शेवटी हात वर करून विचारलं, ‘टीचर, व्हॉट थिंग?’ ते बिचारे त्या ‘एका कामाची’ वाट बघत होते! ‘एक काम करा, पुस्तक उघडा’ हे मी अकरा वर्षं इंग्रजीत असंच बोलत आले होते आणि साताऱ्यात कुणाचं काही अडलं नव्हतं.

पाठ संपल्यावर ट्यूटरने वही पुढे केली. तिने घड्याळ लावलं होतं. ४० मिनिटांपैकी २७ मिनिटं मी बोलले. उरलेल्या १३ मिनिटांत चौदा जण. भागाकार तूच कर.

दुसरी सवय ‘अंडरस्टूड?’ विचारायची. सगळ्यांनी माना हलवल्या. शिक्षकाला ‘नाही’ म्हणणं त्यांच्यात बरं दिसत नाही, आपल्यात तरी कुठे दिसतं. तिथे हा प्रश्नच बंद. त्याऐवजी अर्थ पोचला की नाही ते हुडकणारे बारके प्रश्न विचारायचे. समजा, ‘माय फादर यूज्ड टू स्मोक’ शिकवायचंय. मग विचारायचं: आता ओढतात का? एकदाच ओढली होती की पुष्कळदा? संपलं. उत्तरं ‘नो’ आणि ‘मेनी टाइम्स’ आली की समजायचं पोचलं. साताऱ्यात मी काय केलं असतं? ‘बाबा सिगारेट ओढायचे’ असं मराठीत सांगून दोन सेकंदांत मोकळी. ‘ओढायचे’ आणि ‘यूज्ड टू’ अगदी चपखल बसतं की.

आणि वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. व्हिएतनामला जायचं ते यासाठी. तुझ्या आणि वर्गाच्या मध्ये एकही सामायिक भाषा नाही, ना मराठी ना हिंदी. ही कुबडी काढून घेतल्यावर कळतं की आपण इतकी वर्षं इंग्रजी शिकवत नव्हतो, इंग्रजीबद्दल मराठीतून सांगत होतो. लंडनमध्येही हे होईल, पण तिथे वर्गाबाहेर पडल्यावर विद्यार्थ्याला इंग्रजी कानावर पडतंच. सायगावात त्या संध्याकाळच्या वर्गात तुझ्या तोंडून पडेल तेवढंच. धाराशिवची गत वेगळी आहे का?

उलट गंमत अशी की प्रेझेंट परफेक्ट मला खरा मराठीतून कळला, आणि तोही तिथे. व्हिएतनामी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. काल जेवले, उद्या जेवेन, शब्द तोच. सोबत एखादा शब्द जोडून भागवतात. ‘रोइ’ म्हणजे साधारण आपलं ‘झालं’. त्यांना हा काळ कसा समजावू म्हणून रात्री डोकं धरून बसले होते, तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाईंनी विचारलं, ‘जेवलीस?’ मी म्हटलं, ‘जेवलेय.’ ‘जेवले’ नाही म्हटलं. जेवण मघाशी झालं, पण पोट आत्ता भरलेलं आहे. आपल्या भाषेत हा भेद रोज तोंडात आहे आणि मी तो शाळेत सूत्र म्हणून फळ्यावर लिहीत होते, हॅव अधिक व्ही थ्री!

उच्चारांचं एक सांगते आणि मग पैशांवर येते. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी ‘स’ येत नाही. नखांच्या दुकानातली ती मुलगी ‘राइस’ला ‘राइ’ म्हणायची, ‘नाइस हाउस’चं ‘नाइ हाउ’. मी दहा वेळा ‘राइस, राइस’ म्हणून घेतलं, तिने दहा वेळा ‘राइ’ म्हटलं. मग ट्यूटरने उलटीकडून म्हणवून घ्यायला शिकवलं: आधी नुसतं ‘स्स’, मग ‘आइस’, मग ‘राइस’. तिसऱ्या खेपेला तिच्या तोंडून आलं आणि ती स्वतःच दचकली. मी मनात फुशारले, तर ट्यूटरने दोन चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. एक बंडीवाला ‘व्हेस्ट’, एक पश्चिमेचा ‘वेस्ट’. म्हणे वाच. दोन्ही सारखेच आले. आपल्याकडे ‘व’ एकच. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. छत्तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी चार लेखी असाइनमेंट असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांच्या. एखादी नापास झाली तर एकदा परत देता येते. माझी भाषा-विश्लेषणाची परत आली होती. दुसऱ्या आठवड्यात सगळे रडतात, तूही रडशील, लाज बाळगू नकोस. मला साधा ‘पास’ मिळाला. त्याच्या वर ‘पास बी’ आणि ‘पास ए’ असतात. आमच्या तुकडीत एकालाच ‘बी’ मिळाला.

पैसे: फी, विमान, गल्लीतली एक खोली, खाणं, कागदपत्रं मिळून माझे तेव्हा दोन लाख चाळीस हजार गेले. शाकाहारी असशील तर ‘चाय’ हा शब्द पाठ कर, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी.

नोकरीचं आता कडू ऐक. कोरियाचा नेहमीचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा सात देशांच्या पासपोर्टसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. त्यात आपण नाही. व्हिएतनाममध्ये कायद्याने दार बंद नाही, पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र असलं की परवाना मिळू शकतो. पण जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ असं सरळ लिहिलेलं असायचं. एका ठिकाणी फोनवर अर्धा तास छान बोलणं झालं, ‘सोमवारी या’ म्हणाले, मग पासपोर्टचा फोटो मागितला आणि सोमवार काही उजाडला नाही. चौथ्या ठिकाणी नोकरी लागली. माझ्या शेजारच्या वर्गातल्या गोऱ्या पोराला, जो माझ्याच तुकडीत होता आणि ज्याच्या असाइनमेंट मी दुरुस्त करून दिल्या होत्या, त्याला तासाला माझ्यापेक्षा जास्त मिळायचे. चौदा महिने काढले. आता पुण्यात परदेशी जाणाऱ्या नर्सना ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करून देते, आणि खरं सांगायचं तर त्या चार आठवड्यांवरच माझं सगळं चाललंय.

‘कोर्स झाला की तिथेच नोकरी’ हे मित्राचं वाक्य पुसून टाक. शिकवायला शिकायचं असेल तर जा. फक्त नोकरीसाठी एफडी मोडत असशील तर नको.

हो, आणि २०२० पासून केंब्रिजने पूर्ण ऑनलाइन सेल्टालाही परवानगी दिली आहे. तो अर्धकच्चा यांच्या सोनेरी शिक्क्यासारखा नाही. त्यातही खऱ्या विद्यार्थ्यांना, ट्यूटरसमोरच शिकवावं लागतं. फळा आणि बाकांमधून फिरणं तेवढं सुटतं.

मिरजकर_आबा

पळसफूल यांनी मस्त लिहिलंय. माझी एक पुरवणी.

मी १९८४ मध्ये शाळेकडून रजा काढून हैदराबादच्या संस्थेत इंग्रजी अध्यापनाचा डिप्लोमा केला. ही संस्था १९५८ मध्ये निघाली, आताचं तिचं नाव इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. तिथे आम्हाला ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कानाला हेडफोन लावून बसवायचे आणि दात-ओठांचा तो ‘व’ घोटून घ्यायचे. तेव्हा पळसफूल, तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे खरं, पण हैदराबादेत सांगत होते हो!

दुसरं. आज हे परदेशी कोर्सवाले ‘टास्क’, ‘टास्क’ करतात, त्याचं एक मूळ बंगळुरात आहे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये प्रयोग केला. व्याकरणाचा धडाच नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं, अमक्या वेळेपर्यंत तिकडे पोचायचं तर कोणती गाडी धराल? पोरं गाडी शोधण्याच्या नादात इंग्रजी वापरतात. आम्ही हे हैदराबादेत ऐकलं, मिरजेत येऊन करून बघितलं. मिरज जंक्शन असल्याने वेळापत्रकाला तोटा नव्हता. दहावीच्या परीक्षेत वेळापत्रक येत नाही म्हणून पालकांनी तक्रार केली, ते सोडा.

बाळ, तू व्हिएतनामला जा किंवा जाऊ नकोस. पण ओसरीवरच्या बॅचमध्ये उद्याच एसटीचं वेळापत्रक लाव. त्याला एफडी मोडावी लागत नाही.

तेरणाकाठचा

ताई, आबा, अर्धकच्चा दादा, मनापासून आभार. वडिलांना ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘जेवलेय’वर आई हसली. वडील म्हणाले, बाई खरं बोलतेय, नोकरीचंही खरं सांगितलंय. एफडी डिसेंबरमध्ये पिकते, तोवर थांबायचं ठरलंय.

आज नववी ‘ब’मध्ये मागच्या बाकावरच्या एका पोराला माझं घड्याळ देऊन बसवलं. म्हटलं, मी बोलतो तेवढा वेळ मोज. ३५ मिनिटांच्या तासिकेत २९ निघाले. पोरगं विचारतंय, ‘सर, तुम्ही खडू शोधताना स्वतःशीच बोलत होता, ते धरायचं का?’

पळसफूल

धरायचं!

आणि डिसेंबरपर्यंत एक कर. पदवी, बी. एड. आणि पासपोर्ट, तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर तेच आहे का ते बघ. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. राजपत्रात नाव छापून आणण्यापासून सुरुवात करावी लागली. पुढे पदवी आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यायची होती. त्यात अडीच महिने गेले, म्हणजे कोर्सच्या दुपटीहून जास्त. तुझं आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी असं छापलेलं असेल तर आत्ताच कामाला लाग.