हॅरी पॉटरमधील रक्तशुद्धी: मूठभरांचा माज की साऱ्या समाजाची रीत?

धागालेखक:
हॅरी पॉटरच्या जगातील कुळाचा माज म्हटला की आपण शुद्ध रक्ताची (म्हणजे साऱ्या पूर्वजांना जादू येत असल्याची) घमेंड मिरवणाऱ्या मॅलफॉय घराण्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. माझ्या मते मात्र तो भेद त्या साऱ्या समाजात मुरलेला आहे. ब्लॅक या जुन्या जादूगार घराण्याच्या भिंतीवरील वंशपट पाहावा. मगल, म्हणजे जादू न येणाऱ्या, आईबापांच्या पोटी जन्मलेल्या टेड टॉन्क्सशी लग्न केले म्हणून अँड्रोमेडाचे नाव त्यावरून जाळून टाकलेले आहे, तर शुद्ध रक्तात सोयरीक करणाऱ्या तिच्या दोन्ही बहिणींची नावे शाबूत आहेत. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते, आणि या वंशपटावर तेच लिहिलेले आहे.

प्रतिसाद १:
ही तुलना ओढूनताणून केलेली वाटते. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे प्रवेशपत्र मगल घरातील मुलांनाही येते, सारी मुले एकाच दालनात जेवतात आणि वर्गात मगल घरातली हर्मायनी पहिली येते. उलट शुद्ध रक्ताचे वीझली कुटुंब मात्र गरिबीपायी आणि मगलप्रेमापायी हिणवले जाते. मगल आईबापांच्या मुलांची नोंदणी करणारा आयोगसुद्धा खलनायक व्होल्डेमॉर्टने जादूगारांचे मंत्रालय ताब्यात घेतल्यावर आला. शिवाय जादू येणे आणि न येणे हा तिथे खराखुरा फरक आहे. आपल्याकडील उच्चनीचतेला असा कोणताही आधार कधीच नव्हता.

धागालेखक:
जादू येणे हीच कसोटी असती, तर हर्मायनीला ‘मडब्लड’ (घाणेरड्या रक्ताची) ही शिवी ऐकावी लागली नसती. आणि सज्जन घरांचे काय? हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल लाँगबॉटमला जादू येते की नाही, हे पाहण्यासाठी त्याच्या नात्यातल्या एका आजोबांनी त्याला वरच्या मजल्यावरील खिडकीबाहेर घोट्याला धरून उलटे टांगले. खाऊ घ्यायच्या नादात त्यांच्या हातून पोर सुटले, जमिनीवर आपटण्याऐवजी उसळत गेले, आणि आजीला आनंदाने रडू कोसळले. (ते उसळले नसते तर, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलेला दिसत नाही.) वीझलींच्या नात्यात जादूगार नसलेला एक हिशेबनीस आहे, पण त्याच्याविषयी घरात बोलत नाहीत, असे त्या घरातला रॉन सहज सांगून जातो. ही माणसे व्होल्डेमॉर्टच्या विरोधातली आहेत. आयोगाची सूत्रे हाती घेणारी अंब्रिजही बाहेरून आणलेली नव्हती. ती आधीपासूनच मंत्रालयात वरच्या पदावर होती. लाच म्हणून उपटलेल्या लॉकेटवरील ‘एस’ हे अक्षर सेल्विन कुळाचे असल्याचे सांगून ती स्वतःचे रक्त शुद्ध ठरवते.

प्रतिसाद १:
घरातील पूर्वग्रह आणि कायद्याने लादलेला भेद यांत अंतर आहे, आणि तुम्ही ते पुसून टाकता आहात. सत्तापालटापूर्वी हर्मायनीची जादूची छडी तिच्या जन्मावरून कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

प्रतिसाद २:
कायद्याचेच बोलायचे तर गॉब्लिन या मानवेतर जमातीला छडी बाळगण्याची मनाई सत्तापालटाच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि हॉगवर्ट्सच्या ज्या दालनात सारी मुले एकत्र जेवतात, तिथले जेवण तळघरात राबणारे एल्फ नावाचे बुटके घरगडी विनावेतन रांधतात.