प्रतिसाद: टर्बाइन चालवून कोयना रिकामी ठेवा

वर कुणीतरी म्हटलंय की पावसाळ्यात टर्बाइन फुल चालवले की कोयना रिकामी राहील, पूर येणार नाही. अहो, धरणाच्या पायथा वीजगृहातून नदीत सुटतात २१०० क्युसेक (सेकंदाला २१०० घनफूट), म्हणजे १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) जायला साडेपाच दिवस, आणि धरण १०५ टीएमसीचं! कोकणातल्या पोफळी वीजगृहाकडे जास्त सोडावं तर ते पाणी चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत जातं, २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते पाहिलंच आपण. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळीची पट्टी बघत रात्र काढलीय मी, इंच इंच चढत होतं पाणी. जुलैत जागा मोकळी ठेवायची तर दरवाजे वेळेत उचला, ऊन असताना सोडलेलं पाणी नदी पात्रातनं मुकाट नेते, पण पुढं पाऊस दगा देईल या भीतीनं कुणाचा हातच धजत नाही.