आरटीआर (रेडी टू रन, तयार मिळणारी रिमोटची गाडी) म्हणजे 'डब्यातून काढा आन् पळवा'? थांबा ना बाप्पा

जुना_सोल्डर
काल ग्रुपवर एका भाऊनं टाकलं. नवी १/१४ ची (खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी) ब्रश मोटरवाली बग्गी घेतली, डबा फोडला, बॅटरी लावली, लगेच नागपूरच्या रेशीमबागेत, आन् वरून म्हणते की "किटचे सुटे पार्ट बांधत बसायचे दिवस गेले, ते रिकामटेकड्यांचं काम". खाली अंगठ्यांचा पाऊस. हे वाचून पोरं गाड्या घेतील, महिन्याभरात मोडतील आन् म्हणतील आरसी म्हणजे पैशाची बरबादी, म्हणून लिहून राहिलो.

आरटीआर म्हणजे किटच आहे राजेहो, फक्त दुसऱ्यानं घाईत बांधलेलं. मी घेतली ती (कंपनीचं नाव घेत नाही) टेबलावर ठेवून पुढून वीतभर उचलून सोडली, तर डावी बाजू बरोबर बसली आन् उजवी टणकन उडाली. शॉक ॲब्सॉर्बर उघडला तर अर्धं तेल, अर्धी हवा. पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) ग्रब स्क्रू ॲलन कीच्या एका पिळात सुटला, थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक) ठिपकाही नाही. तो सुटला की पिनियन शाफ्टवर सरकते आन् प्लास्टिकच्या स्परचे (पिनियन फिरवते तो मोठा गिअर) दात खाऊन टाकते. मेश, म्हणजे दोन्ही गिअरचे दात एकमेकांत बसणं, एवढी घट्ट की चाक हातानं फिरवलं तरी घरघर. मोटरचे स्क्रू ढिले करा, पिनियन आन् स्परच्या मधात वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू कसा, मग चाक फिरवून पट्टी काढा. पट्टीवर घड्या पडल्या पाहिजे, फाटली नाही पाहिजे. एवढं करा, मग पळवा ना, कोण अडवते.

मिहान_नाइटशिफ्ट
ती पोस्ट माझीच आहे, "एका भाऊनं" कायले, सरळ टॅग कर ना बे. माझी रात्रपाळी असते, संध्याकाळी तासभर मिळते, त्यात पोरगा म्हणते बाबा गाडी. त्याले काय सांगू, थांब बेटा, आधी कागदाची पट्टी घालू? तुमची टीटी-०२ (तामियाचं किट) घ्या, तर रेडिओ वेगळा, सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) वेगळा, बॅटरी-चार्जर वेगळे, वरून पारदर्शक बॉडीले आतून रंग मारा. तेवढ्यात माझी गाडी घेऊन, मोडून, पार्टही येतात. आन् माझी मस्त पळून राहिली, थँक्यू.

जुना_सोल्डर
किट घे म्हटलं कुठं मी? वाचलं का पूर्ण? आन् मस्त पळते म्हणजे किती? डब्यावर ताशी साठ किलोमीटर लिहिलंय ना, फोनचं जीपीएस बांधून पाह्य एकदा. माझी चाळीसच्या पुढं गेली नाही.

सक्करदरा_टायर
तुम्ही दोघं भांडा, पण रेशीमबागेत मोकळी जागा मिळाली कशी तेच सांगा. आमच्या घरामागच्या मैदानात दिवाळीपासून मांडव, मग प्रदर्शन, मग लग्न. मांडव निघते, खिळे तिथंच राहतात. गाडी सोडा, पोरं अनवाणी खेळू शकत नाही.

सिमेंट_पीडित
मैदान नाही म्हणून आम्ही रोडवर चालवतो, आन् रोड कोणता तर सिमेंटचा! जॉइंट एवढे की १/१४ चं पुढचं चाक आत जाते, गाडी कोलांटी खाते. ते एक वेळ परवडलं, पण रोड घरापेक्षा उंच करून ठेवला त्याचं काय? पूर्वी पायरी चढून घरात जायचो, आता रोडवरून उतरून जातो. पहिल्या पावसात पाणी पोर्चमधे.

धरमपेठी
सुरू झालं पुन्हा. डांबरी होते तेव्हा दर पावसाळ्यात कमरेचा हाडवैद्य शोधत होते, विसरले? सिमेंट टिकते. माझी ऑनरोड गाडी सिमेंटवरच बरी चालते, तुमच्या मैदानाच्या धुळीत बेअरिंग जाते.

सिमेंट_पीडित
तुमच्याकडं टिकत असन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा माझ्या मामाच्या घरात छातीएवढं पाणी होतं, फ्रिज तरंगत होता, आन् तुम्ही मले सिमेंटचे फायदे सांगता?

धरमपेठी
तो ढगफुटीसारखा पाऊस होता, त्यात तलाव भरून वाहिला. त्याचा अन् रोडच्या जॉइंटचा काय संबंध? प्रत्येक धाग्यात हेच घेऊन येता.

सिमेंट_पीडित
संबंध पाण्याले विचारा, ते कुठं जाणार? वर रोड, खाली आम्ही.

दोन_पोरांची_आई
गाडीवर येऊ का? मोटर-गिअर चाललं, बॅटरीवर कोणीच बोललं नाही. आमच्याकडे निमएच (निकेलच्या) बॅटरीवाली गाडी होती, तीत दुकानदारानं २एस (दोन सेलची) लायपो म्हणजे लिथियम बॅटरी चढवून दिली, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जंपर, म्हणजे बॅटरीचा प्रकार निवडायची पिन, मात्र निमएचवरच. बॅटरी उतरली की मोटर थांबवणारा कटऑफ लागलाच नाही, पोरानं गाडी रांगायला लागेपर्यंत चालवली, बॅटरी पुरीसारखी फुगली. वर मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात स्कूटीच्या डिक्कीत ठेवून नेतात. घरी आग लागली असती तर? ठेवून द्यायची असेल तर एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, फुल्ल चार्ज करून नाही. हे डब्यावर कुठं लिहितात? बारीक अक्षरात, चिनीत.

मिहान_नाइटशिफ्ट
जंपर पाहिला आत्ता. माझा लायपोवर आहे, पाहून ठेवा जुने काका.

जुना_सोल्डर
पाहिला ना शेवटी! अभिनंदन. म्हणजे डबा उघडून एक तरी गोष्ट तपासली.

मिहान_नाइटशिफ्ट
टोमणे मारू नको. पण एक सांग, पिनियनच्या स्क्रूले कोणतं थ्रेडलॉक, निळं का लाल? माझीही जराशी कुरकुर करून राहिली. तुझ्या पोस्टमुळं नाही, आधीपासूनच.

जुना_सोल्डर
हो हो, आधीपासूनच. निळं. लाल लावलं तर तापवल्याशिवाय स्क्रू निघत नाही. काडीच्या टोकानं एक थेंब, स्क्रूच्या आट्यावर, मेटल टू मेटलच. प्लास्टिकले लागू देऊ नको, तडकते.

सिमेंट_पीडित
निळं थ्रेडलॉक रोडच्या जॉइंटमधे भरता येते का?

धरमपेठी
ॲडमिन, याले म्यूट करा बे.