येशू अर्धा देव, अर्धा माणूस असं नाही ते
काही जण येशूला अर्धा देव अर्धा माणूस म्हणतात, पण चर्चनं तसं कधीच मानलं नाही. इ.स. ४५१ ला कॅल्सिडॉनला भरलेल्या चर्चच्या धर्मगुरूंच्या परिषदेत ठरलं ते असं की तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूसही, स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूप) दोन पण व्यक्ती एकच, सरमिसळ नाही आणि फारकतही नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय बघा ना, वादळात नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून येशू झोपलाय, शिष्य घाबरून उठवतात आणि तोच उठून वाऱ्याला दटावतो, समुद्र शांत! मला तर सगळ्या व्याख्यांपेक्षा हेच जास्त भिडतं. बाकी कॉप्टिक (इजिप्तमधलं), आर्मेनियन चर्चनी कॅल्सिडॉनचा निर्णय मानला नाही, पण म्हणून ते येशूचं माणूसपण नाकारतात असं अजिबात नाही, देवत्व आणि माणूसपण एकाच स्वभावात एकवटलंय असं त्यांचं म्हणणं आहे.