मदत हवी आहे: सौदाचिठ्ठीचा दावा तालुका कोर्टातून परत आला, आता कुठे लावायचा?

पांढरीमाती
नमस्कार. शेतीची सौदाचिठ्ठी केली, २ लाख इसार दिला, मालक खरेदी करून देत नाही. तालुक्याच्या कोर्टात दावा लावला तर अधिकार नाही म्हणून परत मिळाला. ज्युनियर डिव्हिजनची (तालुक्याच्या दिवाणी कोर्टाची) मर्यादा ५ लाख आहे ना? मग २ लाख त्यात बसत नाहीत का? यवतमाळला दर तारखेला जाणं परवडत नाही. मर्यादा वाढणार असं ऐकलं, तोवर थांबू का? लवकर सांगा.

वर्धेकाठ
थांबू नका. आधी सांगा: पूर्ण सौदा कितीचा? खरेदीची तारीख चिठ्ठीत आहे का? ताबा कोणाकडे?

पांढरीमाती
सौदा ९ लाखांचा, ३ एकर कोरडवाहू. तारीख लिहिली आहे, तिला पुढच्या महिन्यात ३ वर्षं होतात. ताब्याचं काय करता, प्रश्न कोर्टाचा आहे.

वर्धेकाठ
इसारावर काही ठरत नाही, भाऊ. तुमचा दावा स्पेसिफिक परफॉर्मन्सचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदी करून मिळण्याचा. महाराष्ट्र कोर्ट फी कायद्याच्या कलम ६ (११) प्रमाणे विक्रीच्या करारात दाव्याचं मूल्य म्हणजे ठरलेली पूर्ण किंमत. तुमचे झाले ९ लाख. १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याच्या कलम २४ ने ज्युनियरला ५ लाखांपर्यंतच अधिकार आहे, सिनियर डिव्हिजनला (यवतमाळच्या वरच्या दिवाणी कोर्टाला) वरची मर्यादा नाही. दावा परत केला तो बरोबरच केला.

कापूसवेचणी
त्यापेक्षा इसारच परत मागा ना. २ लाख आणि व्याज, ५ लाखांच्या आत, तालुक्यातच काम होते. शेत काय दुसरंही मिळते.

वकीलसाहेब_अमरावती
कापूसवेचणी, हा सल्ला घातक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २ नियम २ वाचा. एकाच कारणावरून मिळू शकणारी मागणी आत्ता सोडली, तर नंतर तिच्यासाठी वेगळा दावा चालत नाही. खरेदीखताची मुख्य मागणी आणि "ते न झाल्यास इसार परत" ही पर्यायी मागणी एकाच दाव्यात लिहायची. स्पेसिफिक रिलीफ कायद्याचं कलम २२ त्यासाठीच आहे. नुसत्या मनाईचा दावा आधी तालुक्यात लावून ठेवणाऱ्यांनाही हाच अडसर येतो.

कापूसवेचणी
मग मूल्य ४ लाख ९० हजार लिहा. कोण पाहते?

वकीलसाहेब_अमरावती
चिठ्ठी दाव्यासोबतच जोडावी लागते आणि तिच्यात ९ लाख लिहिलेत. कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी समोरच्याने हरकत घेतली की दावा पुन्हा परत, आणि तोवर गेलेला काळ मुदतीतून वजा करून घ्यायला सद्भावनेने लढलात हे सिद्ध करणं कठीण.

वर्धेकाठ
पांढरीमाती, आता महत्त्वाचं. दावा कसा परत आला? न्यायाधीशांचा आदेश ७ नियम १० चा (दावा परत करण्याचा) आदेश आहे की फायलिंगच्या टेबलावरच आक्षेप निघाला?

पांढरीमाती
आदेश आहे. शिक्क्यासह.

वर्धेकाठ
छान. दाव्यावर दाखल केल्याची तारीख, परत केल्याची तारीख, पक्षकाराचं नाव आणि कारण हा शेरा आहे का पाहा. नियम १०(२) प्रमाणे तो असायलाच हवा. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ ने दाव्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं. चुकीच्या कोर्टात सद्भावनेने गेलेले दिवस त्याच कायद्याच्या कलम १४ ने वजा होतात, पण त्यावर विसंबून आठवडेच्या आठवडे घालवू नका. मूळ ३ वर्षांच्या आतच सिनियर डिव्हिजनला नेऊन टाका. भरलेली कोर्ट फी पुन्हा पूर्ण भरायची नाही, तिची वजावट मागा. दावा मात्र तिथे पहिल्यापासून चालेल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

संत्राबाग
पांदण अडवली असेल तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ चा अर्ज द्या. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. वकील नसला तरी चालते.

वर्धेकाठ
संत्राबाग, इथे पांदणीचा विषयच नाही.

वकीलसाहेब_अमरावती
ताब्याचं उत्तर अजून आलं नाही आणि ते दाव्याइतकंच महत्त्वाचं आहे. चिठ्ठीत ताबा दिल्याचं किंवा देण्याचं लिहिलं असेल तर स्टँपसाठी ती खरेदीखतासारखी धरली जाते. कमी स्टँपची चिठ्ठी महाराष्ट्र मुद्रांक (स्टँप) कायद्याच्या कलम ३४ मुळे पुराव्यात येत नाही, आधी कमी पडलेलं शुल्क आणि त्यावर महिन्याला २ टक्के दंड भरावा लागतो. नोंदणी नसली तरी स्पेसिफिक परफॉर्मन्सच्या दाव्यात चिठ्ठी पुरावा म्हणून चालते, स्टँपचं मात्र तसं नाही.
सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीचा मुद्दा येतो. तुम्ही स्वतः शेतकरी आहात ना? विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळ कायदा आहे, त्याचं कलम ८९ बिगरशेतकऱ्याला आडवं येते.

पांढरीमाती
ताबा आमच्याकडे आहे, चिठ्ठीत लिहिलं आहे. १०० च्या स्टँपवर. वर्ग १, आम्ही शेतकरीच.

वकीलसाहेब_अमरावती
मग शुल्क आणि दंड धरून पैशांची तयारी ठेवा. उरलेल्या ७ लाखांची ऐपत दाखवणारे बँकेचे उतारे, खरेदीला बोलावल्याची रजिस्टर नोटीस आणि पोचपावती जोडा. तयारी आणि तत्परता सिद्ध करणं तुमच्यावर आहे. मालक दुसऱ्याला विकू नये म्हणून आदेश ३९ खाली मनाईचा अर्ज त्याच दिवशी लावा.

कापूसवेचणी
एवढ्यासाठी शेतकऱ्याने जिल्ह्याला का धावावं? मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा जानेवारी २०२४ पासून १ कोटीवरून १० कोटी झाली, आणि तालुक्याला ५ लाखच. ओलिताची थोडी जमीन विकली तरी दावा बाहेर जाते.

वकीलसाहेब_अमरावती
मर्यादा वाढायलाच हवी, यात वाद नाही. कलम २४ मधली रक्कम बदलणं विधिमंडळाच्या हातात. पण तालुक्यातला तोच न्यायाधीश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. रिमांड, पोटगी, चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या केसेस त्याच्याच बोर्डावर. पदं न वाढवता नुसती रक्कम वाढवली तर तारखा जवळच्या कोर्टात मिळतील, निकाल मिळणार नाही.

कापूसवेचणी
तारखेला जायचं भाडं तरी वाचेल की, जी.

पांढरीमाती
सोमवारी यवतमाळला जातो. कमी स्टँपचं शुल्क दावा लावायच्या आधी भरायचं की नंतर चालेल?

वकीलसाहेब_अमरावती
मुदत जवळ आहे, म्हणून दावा आधी लावा. किती स्टँप कमी पडला ते ठरवायला चिठ्ठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची विनंती नंतरही करता येते. मूळ चिठ्ठी मात्र हरवू देऊ नका, स्टँपची कसर फक्त मूळ कागदावरच भरून निघते, झेरॉक्सवर नाही.