पार्ट लोडने पाठवलेला माल दबून येतो, झाकणं ढिली होतात, वास लागतो – नक्की चुकतंय कुठे?

नवीनयुनिट:
नमस्कार मंडळी. आमचं छोटं युनिट आहे, बिस्किटं, वेफर्स आणि काचेच्या बरणीत सॉस असा माल करतो, सगळं बाहेर टिकणारं, फ्रीजची गरज नाही. आता दुसऱ्या शहरातल्या डिस्ट्रिब्युटरला माल जायला लागलाय, पूर्ण गाडी भरत नाही म्हणून पार्ट लोडने टाकतो. आणि दर वेळी काहीतरी निघतंच. खालच्या थराचे बॉक्स दबलेले, बिस्किटांचा चुरा, एखाद्या बरणीचं झाकण ढिलं होऊन अख्खा बॉक्स सॉसने माखलेला, आणि आता तर बिस्किटांना साबणाचा वास येतोय म्हणून पुडे परत आले. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो तुमचं पॅकिंग कच्चं, बॉक्सवाला म्हणतो हमालांनी आपटलं. बॉक्स तर पाच प्लायचा घेतलाय, अजून किती जाड घ्यायचा? आणि वेफर्सला वजन नसताना भाडं एवढं का लागतं तेही कुणीतरी नीट सांगा प्लीज.

खोकेवाला:
पाच प्लाय म्हणजे फक्त पाच थर झाले हो, त्यात कागद कुठला, किती जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), ते त्यातून कळतच नाही. हलक्या कागदाचा पाच प्लाय चांगल्या कागदाच्या तीन प्लायपुढे टिकत नाही. बॉक्सवाल्याला प्लाय विचारूच नका, कॉम्प्रेशन स्ट्रेंथ, म्हणजे बॉक्स किती ओझ्याला दबतो, ती किती ते विचारा आणि रिपोर्ट मागा.

किती पाहिजे ते असं काढायचं. समजा भरलेला बॉक्स १२ किलोचा आणि गाडीत किंवा गोदामात आठ थर लागतात, तर सगळ्यात खालच्यावर सात बॉक्सचं ओझं म्हणजे ८४ किलो. पण ८४ चा बॉक्स घेतला तर तो बसणारच, कारण हवेतला ओलावा, गाडीचे धक्के, किती दिवस थप्पी उभी आहे, सगळं ताकद खातं. म्हणून चौपट तरी धरा, साडेतीनशे किलोच्या आसपास. ओलावा सगळ्यात वाईट, दमट हवेत कोरुगेटेड (आत नागमोडी कागदाचा थर असलेल्या) बॉक्सची ताकद निम्म्यावर येते आणि बाहेरून बघून काही कळत नाही.

दुसरं, थप्पी कशी लावता? बॉक्सचा भार मुख्यतः चार कोपरे उचलतात. कोपऱ्यावर कोपरा आला तर थप्पी उभी राहते, विटांसारखे सांधे तोडून लावले की वरच्याचा कोपरा खालच्याच्या मधल्या पोकळ भागावर येतो आणि जवळपास निम्मी ताकद तिथेच गेली. लोकांना सांधे तोडलेली थप्पी मजबूत वाटते, ती हलत कमी असेल पण दबते जास्त. पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी पाटाच्या) बाहेर बॉक्सची कड लोंबत असेल तरी तेच होतं.

आणि तुमच्या मालात मोठा फरक आहे. काचेची बरणी स्वतः ओझं घेते, बिस्किटं-वेफर्स काहीच घेत नाहीत, तिथे सगळा भार एकट्या बॉक्सवर. म्हणजे जाड बॉक्स बिस्किटांना हवा आणि बऱ्याच ठिकाणी दिला जातो सॉसला, कारण सॉस जड असतो ना! सॉसच्या बॉक्समध्ये त्यापेक्षा पार्टिशन घाला, बरणीच्या उंचीइतकं, म्हणजे काच काचेवर घासणार नाही. झाकणाचं म्हणाल तर बॉक्स बदलून ते सुटणार नाही. मेटलचं झाकण असेल आणि गरम भरत असाल तर थंड झाल्यावर मधलं बटण आत ओढलं जायला पाहिजे, ज्याचं वर राहिलं ती बरणी पाठवायचीच नाही. प्लॅस्टिकचं झाकण असेल तर ते किती घट्ट आहे हे भरल्या भरल्या बघू नका, दुसऱ्या दिवशी बघा, झाकणाच्या आतली मऊ चकती, म्हणजे लायनर, दबलं की पकड कमी होते. लॉटमधल्या काही बरण्या रात्रभर कागदावर उलट्या ठेवा, डाग पडला की समजलं.

रात्रीचीगाडी:
मी ट्रान्सपोर्टमध्येच आहे, आमची बाजू पण ऐका. पार्ट लोडचा बॉक्स सरळ तुमच्याकडून डिस्ट्रिब्युटरकडे जात नाही. छोट्या गाडीत चढतो, आमच्या गोदामात उतरतो, मोठ्या गाडीत चढतो, तिकडच्या गोदामात उतरतो, परत छोट्या गाडीत आणि मग दुकानात, म्हणजे निदान सहा वेळा हात लागतो आणि प्रत्येक वेळी थप्पी नव्याने लागते. तुमच्या वर कुणाचा माल येणार ते त्या रात्री जे बुकिंग असेल त्यावर. बाणाचं चिन्ह, ग्लासचं चिन्ह लावा जरूर, पण थरांच्या मर्यादेचं जे चिन्ह असतं आकड्यासकट, ते कोणी लावतच नाही आणि लोडिंगच्या माणसाला उपयोग त्याचाच जास्त. जड बॉक्स घसटत नेतात आणि अगदी हलका फेकतात, १०-१५ किलोचा माणूस नीट उचलून ठेवतो असा माझा अनुभव आहे.

वासाचं कारण साधं आहे, शेजारी साबण किंवा पावडर होती. बिस्किटात तूप-तेल असतं, ते वास धरून ठेवतं, आणि साधी प्लॅस्टिकची पिशवी हवाबंद दिसली तरी तिच्यातून वास आत जातो. मेटलाइज्ड फिल्म (आतून धातूचा पातळ थर असलेलं चकचकीत प्लॅस्टिक) घेतली तर बराच फरक पडेल. बुकिंग करताना बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) नुसतं 'किराणा' लिहू नका, 'खाद्यपदार्थ, वासाच्या मालापासून लांब' असं लिहून घ्या. आणि बंद बॉडीची गाडी मागा, पण त्यात उन्हाचा विचार करा, गाडी उभी राहिली की पत्र्याच्या छताखालचा थर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, तिथे क्रीमची बिस्किटं गेली की क्रीम वितळलंच.

वेफर्सचं भाडं जागेचं असतं, बॉक्सच्या मापावरून वजन काढतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर बिल त्याचंच. ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरच्या बॉक्सचा गुणाकार येतो ९६,०००, त्याला ५,००० ने भागलं की १९.२ किलो. आत माल चार किलोचा असला तरी बिल १९.२ चं. भाजक प्रत्येकाचा वेगळा असतो, तो आधी विचारा, दर ठरवताना तोच खरा मुद्दा आहे.

गोदामातून:
वेफर्सवरून एक आठवलं, रस्त्यात घाट असेल तर पाकिटं फुगतात, १,००० मीटर चढलं की हवेचा दाब साधारण ११ टक्के कमी होतो. बॉक्स छोटा करायच्या नादात पाकिटं कोंबली तर शिवण तिथेच सुटते. थोडी जागा ठेवा.

माल घेणाऱ्या बाजूने सांगतो, डिस्ट्रिब्युटरला सांगून ठेवा की गाडीवाला घाई करतोय म्हणून कोरी सही द्यायची नाही. पावतीवरच लिहायचं, '४ बॉक्स दबलेले, १ ओला', आणि फोटो गाडीतच काढायचा, उतरवल्यावर नाही. कोरी सही गेली की क्लेमला काही अर्थ उरत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी मर्यादित असते, ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो, आणि त्यात पॅकिंग अपुरं असल्यामुळे झालेलं नुकसान साधारणपणे वगळलेलं असतं, म्हणून खोकेवाल्यांनी सांगितलेला रिपोर्ट जपून ठेवा, तिथे लागेल.

अजून एक, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बॉक्सच्या बाहेर मोठी छापा. आम्ही ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढतो, बाहेर तारीख नसली की बॉक्स फोडून बघावा लागतो आणि फोडलेला बॉक्स परत थप्पीत नीट बसत नाही.

नवीनयुनिट:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! म्हणजे आम्ही जाड बॉक्स सॉसला देत होतो तो बिस्किटांना द्यायचा. पॅलेट करून पाठवलं तर थप्पी लागण्याचा प्रश्न सुटेल का?

रात्रीचीगाडी:
सुटेल बऱ्यापैकी, पण दोन्हीकडे फोर्कलिफ्ट किंवा हँड पॅलेट ट्रक आहे का ते आधी विचारा, नसेल तर पॅलेट आमच्याच गोदामात फोडला जातो आणि सगळं पहिल्यासारखंच. फोर्कलिफ्ट असेल तर कोपऱ्यांना अँगल बोर्ड (पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्या) लावून स्ट्रेच रॅप करा, म्हणजे ताणणारं प्लॅस्टिक गुंडाळा, खाली सॉस, वर बिस्किटं, आणि रॅप लाकडी पॅलेटच्या खालपर्यंत न्या. नुसत्या बॉक्सना गुंडाळलं तर पहिल्या वळणाला सगळी थप्पी पॅलेटवरून सरकते.