अस्वलासाठी ताडोबा: डिसेंबरपेक्षा एप्रिल बरा

डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना ताडोबात अस्वल दाखवायचं, असं तुम्ही म्हणताय. जमलं तर एप्रिलपर्यंत थांबाच. हिवाळ्यात गवत उंच असतं, आणि याच सुमारास माद्या गुहेत पिल्लं घालतात, मग बरेच दिवस त्या फारशा बाहेर दिसत नाहीत. बोरं पिकतात तेव्हा एखादं अस्वल दिसतंही, पण त्या भरवशावर मुलांना नेऊ नका.

मार्चअखेरीपासून मोह गळायला लागतो. फुलं रात्री पडतात आणि अस्वलं ती खायला येतात, म्हणून सकाळच्या सफारीचा पहिला तास महत्त्वाचा. गाइडला आधीच सांगा, वाघामागे धावायचं नाही, मोहाच्या झाडांपाशी थांबायचं. पुढे टेंभुर्णी पिकते, मे महिन्यात संध्याकाळी पाणवठे. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात तीही याच महिन्यांत, आणि मुलांना तेच आयुष्यभर लक्षात राहील! जूनमध्ये जांभळं असतात, पहिल्या सरीनंतर माती भुसभुशीत होऊन वारुळं उकरणारी अस्वलंही दिसतात. १ जुलैपासून कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद.

एक कळकळीने सांगते, रिसॉर्टजवळच्या रानात पहाटे पायी अजिबात फिरू नका. मोह वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलांचे हल्ले याच दिवसांत होतात.